लेखनिक कमी शिकलेला हवा

परीक्षा विभागात मी एकतीस वर्षं काढली. बाहेरच्या माणसाला वाटतं, परीक्षेचं काम म्हणजे विद्येचं काम. तसं काही नसतं. सीलबंद पाकिटं मोजून घ्यायची, बाकांवर खडूनं क्रमांक टाकायचे, घंटा वेळेवर द्यायला लावायची, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे शिवायचे आणि गाठीवर लाख ओतायची. पोरगं काय शिकलं याच्याशी आमचा संबंध नाही. ते कुठं बसलं, कधी बसलं आणि कधी उठलं, एवढंच आमचं. माझ्या बोटांना लाखेचा वास कायमचा बसला होता; बायको म्हणायची, तुम्ही जेवायला बसलात की पोस्टातलं पार्सल उघडल्यासारखं वाटतं.

आमच्या बौद्ध वाड्यातून कॉलेजात टेबल-खुर्चीवर बसणारा मी पहिला. त्यामुळं नियम मी जरा जास्तच जपायचो. एखाद्याला वाटेल मी कडक होतो. खरं तर मी भीत होतो. कुणी बोट दाखवावं अशी एकही ओळ माझ्या कागदात राहू नये, असं मला वाटायचं.

परवा जुन्या कॉलेजात गेलो. आता तिथं दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वेगळी खोली आहे, पायऱ्यांशेजारी उतार केलाय, जादा वेळेचा छापील अर्ज मिळतो. बघून फार बरं वाटलं. आमच्या काळी यासाठी फक्त एक परिच्छेद होता. अंध उमेदवाराला लेखनिक देता येईल. लेखनिक म्हणजे उमेदवार सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहून देणारा माणूस. त्याला वेगळी खोली, वेगळा पर्यवेक्षक, अर्धा तास जादा. पण लेखनिक मॅट्रिकच्या आतला, म्हणजे उमेदवारापेक्षा कमी शिकलेला असावा, नाहीतर तोच उत्तरं पुरवील. आणि त्याच्या नावानिशी विद्यापीठाची लेखी परवानगी असावी. धाराशिवहून विद्यापीठाला पत्र जाऊन उत्तर यायला तेव्हा महिना लागायचा.

तो परिच्छेद अजून पाठ आहे तो दिगंबरमुळं.

दिगंबर येरमाळ्याच्या बाजूचा. चौदाव्या वर्षी देवीच्या साथीत त्याचे डोळे गेले. ब्रेल शिकायला त्याला कुणी पाठवलं नाही. वसतिगृहातली पोरं मोठ्यानं वाचायची आणि तो ऐकायचा. दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन म्हणायचा, "भाऊसाहेब, जुन्या प्रश्नपत्रिका वाचून दाखवता का?" मी डबा खात वाचायचो. एकदा ऐकलेलं तो सहसा विसरत नसे. राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आला, तेव्हा त्याच्या घरी चारचौघांत बोललं जायचं की आंधळ्याला बी.ए. करून काय करायचंय. तो मला एकदाच म्हणाला होता, "भाऊसाहेब, पास झालो तर मास्तर होईन. नापास झालो तर देवळाच्या पायरीवर बसवतील मला. लांबचं सांगत नाही, चुलत्यानं जागासुद्धा बघून ठेवलीय."

ते वर्ष बहात्तरच्या दुष्काळाचं. परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात. कॉलेजची विहीर केव्हाच आटली होती. दिगंबरसाठी नववीतलं एक पोरगं लेखनिक म्हणून ठरवलं होतं, त्याच्या नावाची परवानगीही आली होती. परीक्षेला पंधरा दिवस राहिले आणि पोराचं अख्खं घर गुरं छावणीत सोडून पुण्याच्या बाजूला काम शोधायला निघून गेलं. घराला कुलूप.

प्राचार्यांकडं गेलो. ते म्हणाले, "तुम्ही बघून घ्या, बनसोडे." आमच्या प्राचार्यांचं हे आवडतं वाक्य होतं.

शाळांमधून विचारलं. नववी-दहावीची पोरं खडी फोडायला नाहीतर पाझर तलावावर. तिथंच जाऊन बघावं म्हणून मी आणि दिगंबर गावापासून दोन कोसांवरच्या तलावाच्या कामावर गेलो. शेकडो माणसं माती वाहत होती. दुपारची सुट्टी झाली होती, सुकडीचं, म्हणजे सरकारी पौष्टिक खाण्याचं, वाटप चाललं होतं. एका बाभळीखाली दहा-बारा बायका गोल करून बसल्या होत्या आणि मधोमध एक बाई मोठ्यानं पत्र वाचत होती. पत्र दुसऱ्याच बाईचं होतं. वाचणारी न अडखळता वाचत होती, आणि जिथं पत्र लिहिणाऱ्यानं खोडलं होतं तिथं "इथं खोडलंय" असंही सांगत होती.

दिगंबर माझा दंड धरून उभा होता. म्हणाला, "भाऊसाहेब, ही चालेल."

तिचं नाव कलावती. पंचविशीची असेल. माहेर सास्तूरचं, सातवी पास झाली आणि लगेच लग्न. आम्ही काम सांगितलं. ती आपल्या हातांकडं बघत म्हणाली, "अकरा-बारा वर्सं झाली, पेन धरलं न्हाय म्या. हे हात बघा की."

खडी फोडून तिची बोटं लाकडासारखी झाली होती. पण नाही म्हणाली नाही. नाही म्हणाली ती मागंच बसलेली तिची सासू.

"परक्या मानसासंगं बंद खोलीत तीन तास? आमाला न्हाय चालायचं."

मी म्हणालो, "मावशी, दार उघडं राहील. मी स्वतः आत बसणार."

"तुमी तरी कोन? परकंच की."

"मग तुम्ही या. व्हरांड्यात बसा."

म्हातारीनं थोडा विचार केला. "सावली हाय का तितं?"

"आहे."

"मंग बघू."

सहा पेपरांचे सहा दिवस दोघींची सुकडी बुडणार होती. ते शेजारच्या बायकांनी आपसात मिटवलं. आम्हाला विचारलंसुद्धा नाही.

परवानगीत नाव बदलण्यासाठी मी त्याच दिवशी विद्यापीठाला पत्र टाकलं. उत्तर वेळेत येणार नाही हे मला ठाऊक होतं. एकतीस वर्षांत मी नियमाबाहेर पाऊल टाकलं ते हे एकदाच.

सरावासाठी आठ दिवस मिळाले. कामावरून सुटली की कलावती सासूसोबत कॉलेजात यायची. पहिल्या दिवशी एक पान लिहायला पाऊण तास लागला. पेन बोटांतून निसटायचं. दुसऱ्या दिवशी तिनं पेनाला चिंधी गुंडाळून आणली, मग पकड बसली. पण दिगंबर बोलायला लागला की थांबायचा नाही. तीन वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर यायचं. तिचं अर्धं वाक्य होईपर्यंत तो पुढच्या मुद्द्यावर. शेवटी चिडून म्हणाला, "अशानं दोनच प्रश्न होतील माझे!"

तिनं पेन खाली ठेवलं. "तुमी डोक्यात पळताव. मला हातानं चालावं लागतंय."

दुसऱ्या दिवसापासून दिगंबरनं उत्तरं आखडायला घेतली. आठ ओळींचं तीन ओळींत. पुढं तो मला म्हणाला, तीन वर्षांत प्राध्यापकांनी शिकवलं नाही ते या बाईच्या बोटांनी शिकवलं, नेमकं लिहायला.

राज्यशास्त्रातले शब्द तिनं कधी ऐकले नव्हते. नवा शब्द आला की ती विचारायची, "घ का ध? घमेल्यातला का?" कारण अनोळखी शब्दात घ की ध हे तिला नुसतं ऐकून उमगायचं नाही. दिगंबरनं लगेच उचललं. घटना म्हटलं की स्वतःच पुस्ती जोडायचा, "घ घमेल्यातला." धोरण म्हटलं की "ध धरणातला." एकदा 'सार्वभौमत्व' आलं. ती पेन उचलून बसली आणि म्हणाली, "ह्यात तर निम्मी बाराखडी हाय."

पहिले दोन पेपर नीट झाले. तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत दिगंबर, कलावती आणि मी. उघड्या दारातून व्हरांड्यातली म्हातारी दिसायची, पाय पसरून, नजर आमच्यावर.

तिसऱ्या पेपराला तपासणी पथक आलं.

पथकाचे प्रमुख कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यातले प्राध्यापक होते. बाहेर म्हातारीला बघून थबकले. "या कोण?"

मी उठायच्या आत ती म्हणाली, "म्या लेखनिकाची सासू."

ते आत आले. परवानगीचं पत्र मागितलं. पत्रात नववीतल्या मुलाचं नाव, आणि समोर मळक्या नऊवारीतली बाई. मी सगळं सांगितलं. प्राचार्यांना बोलावणं गेलं. ते येऊन म्हणाले, "हे सगळं बनसोड्यांनी पाहिलंय."

प्रमुखांनी कलावतीला विचारलं, "शिक्षण?"

"सातवी."

"पुरावा?"

ती माझ्याकडं बघायला लागली. प्रमुखांनी उत्तरपत्रिका उचलून पाहिली. अक्षर मोठं, गोल, पण एकसारखं, काना-मात्रेची चूक सापडेना. ते माझ्याकडं वळले. "सातवीची बाई असं शुद्ध लिहिते? मला तरी ही शिकलेली वाटते. सोमवारी पुढचा पेपर आहे ना? त्याआधी शाळा सोडल्याचा दाखला माझ्या हातात पाहिजे. नाहीतर तिन्ही पेपर रद्द आणि तुमच्याबद्दल लेखी अहवाल."

माणूस वाईट नव्हता. पेपर मध्येच थांबवला नाही, बुडालेली दहा मिनिटं भरून द्यायला सांगितली. पण ते गेल्यावर दिगंबरला पुढचं वाक्य सुचेना. हात बाकावर पालथे ठेवून बसून राहिला.

कलावतीच हळूच म्हणाली, "तुमी सांगा. म्या लिवती. दाखल्याचं भाऊसाहेब बघतील."

तो शुक्रवार होता. शनिवारी पहिल्या एसटीनं मी लोहाऱ्याला गेलो. तिथून भाड्याची सायकल घेतली आणि सास्तूरचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना शेतं उघडी पडलेली, कुठं हिरवं पान नाही. पोचलो तेव्हा सकाळची शाळा सुटली होती आणि मुख्याध्यापक गुरुजी दाराला कुलूप लावत होते. पांढरी टोपी, कोपरावर ठिगळ लावलेला सदरा. कलावतीचं नाव घेताच त्यांनी कुलूप परत काढलं.

रजिस्टर शोधायला वेळ लागला नाही. पान उलटताना चेहरा खुलला होता. "वर्गात पहिली होती हो. मी बापाच्या पाया पडायचा बाकी होतो, आणखी चार वर्षं शिकू द्या म्हणून. काय, नोकरी लागतेय का तिला?"

मी म्हणालो, "नाही गुरुजी. सातवीच्या पुढं शिकली नाही, एवढं लिहून पाहिजे."

त्यांनी मला दोनदा विचारलं. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी दाखल्याचं पुस्तक काढून समोर उघडलं. मग म्हणाले, "अमका शिकला, तमकी शिकली, हे लिहून द्यायला मी जन्मभर इथं बसलो. शिकली नाही असं लिहून मागणारे तुम्ही पहिलेच." आणि लिहायला लागले. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'विवाह.' सही केल्यावर शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिले.

ते सास्तूर आता नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नव्यानं वसलं. ती शाळा, ते रजिस्टर, काही राहिलं असेल असं वाटत नाही.

सोमवारी पेपराआधी दाखला प्रमुखांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, कलावतीकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाई, माफ करा. अक्षरावरून माझा गैरसमज झाला." कलावतीनं पदर सारखा केला आणि पेनावरची चिंधी घट्ट करायला लागली. दाखला प्रकरणाला जोडून विद्यापीठाकडं गेला. उरलेले तीन पेपर झाले.

दिगंबर दुसऱ्या वर्गात पास झाला. गुणपत्रिका मी वाचून दाखवली. तो म्हणाला, "परत वाचा." मी तीनदा वाचली. तिसऱ्यांदा त्यानं कागद हातात घेतला आणि त्यावरून बोट फिरवलं, जसं काही अक्षरं लागतील. पुढं बी.एड. करून तो धाराशिवलाच एका शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायला लागला.

इथं थांबलो असतो तर गोष्ट माझ्या कौतुकाची झाली असती. पण पुढचंही लिहायला हवं.

दोन वर्षांनी कलावतीच्या गावात सहकारी दूध संस्था निघाली. सकाळ-संध्याकाळ दुधाची नोंद करायला लिहिता-वाचता येणारं माणूस हवं होतं. अर्जाला शाळेचा दाखला जोडायचा होता. ती माझ्याकडं आली. "भाऊसाहेब, माझा दाखला देताव का?"

दाखला विद्यापीठाच्या फायलीत होता. आणि मी, परीक्षा विभागाचा कारकून, प्रत्येक कागदाच्या तीन नकला ठेवणारा माणूस, त्या एका कागदाची नक्कल ठेवायला विसरलो होतो. दिगंबरच्या कागदांची नक्कल ठेवली होती. तिच्या नाही.

"मागवतो," म्हणालो. पत्र टाकलं. महिन्यानं ती परत आली. स्मरणपत्र टाकलं. ती तिसऱ्यांदा आली तेव्हा प्रवेशाची गर्दी होती, टेबलासमोर रांग होती. मी मान वर न करता म्हणालो, "आलं की निरोप देतो." ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. संस्थेत दुसरा माणूस लागला. सरपंचाचा भाचा होता म्हणे. दाखला असता तरी तिला घेतलं असतं का, मला सांगता येत नाही. पण दिगंबरचा पेपर आणि माझी नोकरी पणाला लागली तेव्हा मी एका दिवसात सास्तूर गाठलं होतं. तिच्यासाठी तीन महिन्यांत मला एक शनिवार सापडला नाही.

हे मला बोलून दाखवलं ते दिगंबरनं. तो एकदा शाळा सुटल्यावर आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, सास्तूरला सायकल भाड्यानं मिळते ना अजून?"

पुढच्या शनिवारी गेलो. गुरुजी निवृत्त झाले होते. नव्या मुख्याध्यापकांनी प्रतिज्ञापत्र मागितलं, त्यासाठी परत एक खेप झाली. दुसरी प्रत घेऊन मी कलावतीच्या घरी गेलो. ती गोठ्यात होती. हात धुऊन आली, कागद वाचला.

"आता ह्याचं काय करू?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारत होती.

मी म्हणालो, "सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून मॅट्रिकला बसता येतं. दिगंबर शिकवायला तयार आहे."

उत्तर सासूनं दिलं. "बसू द्या की. म्या बसते व्हरांड्यात. सवय हाय मला."

दोन वर्षं दर रविवारी कॉलेजच्या त्याच खोलीत शिकवणी चालली. दिगंबर तोंडी शिकवायचा, ती लिहून घ्यायची आणि लिहिलेलं त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. चूक झाली की तो ऐकूनच पकडायचा. म्हातारी बाहेर नातवाला मांडीवर घेऊन बसलेली. मी कधी कधी उगाच कुलूप उघडायच्या निमित्तानं यायचो आणि बसून राहायचो. माझ्या नोकरीतले सगळ्यांत सुखाचे दिवस मला विचाराल तर ते रविवार.

कलावती मॅट्रिकला बसली. मराठीत, इतिहासात चांगले गुण पडले. गणित आणि इंग्रजी राहिलं. परत एकदा बसली, गणित परत राहिलं. मग तिची सासू आजारी पडली आणि ते तिथंच थांबलं.

ऐंशीनंतर आमच्याकडं पहिल्यांदा एक अंध मुलगी आली. तिला बाई लेखनिकच हवी होती. तोवर विद्यापीठानं लेखनिकासाठी छापील अर्ज काढला होता. मी निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी कलावती हजर. केस कानापाशी पांढरे व्हायला लागले होते. माझ्या टेबलासमोर बसली. मी अर्ज भरायला घेतला. नाव, गाव, वय. पुढचा रकाना लेखनिकाचं शिक्षण. हात सवयीनं चालत होता, मी लिहिलं, सातवी पास.

ती समोरून उलटं वाचत होती.

"भाऊसाहेब, ते खोडा."

"का? बरोबर आहे की."

"न्हाय. सातवी लई जुनं झालं." ती खुर्चीत सरळ होऊन बसली. "मॅट्रिक नापास लिवा."

खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही. मी तो फाडला, नवा कोरा घेतला आणि माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात लिहिलं, मॅट्रिक नापास.